शेवटच्या बाकावरून वर्ग पाहताना

सहावीतला एखादा मुलगा नेमका गणिताच्या तासालाच का बिथरतो, हे त्याला समोर बसवून "का रे असं वागतोस?" असं विचारलं तर सहसा कळत नाही. तो मान खाली घालतो, "माहीत नाही" म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. म्हणून कसलेला शालेय समुपदेशक सुरुवातीला मुलाला काही विचारतच नाही. शिक्षकांची परवानगी घेऊन तो वर्गात जातो आणि वही उघडून शेवटच्या बाकावर बसतो.

वहीच्या पानावर तीन रकाने आखलेले असतात. प्रकार घडण्याआधी काय चाललं होतं, ते पहिल्यात. मुलानं नेमकं काय केलं, ते दुसऱ्यात. त्यानंतर लगेच काय झालं, ते तिसऱ्यात. 'मस्ती केली', 'उद्धटपणा केला' असले शेरे या वहीत चालत नाहीत, कारण त्यातून डोळ्यांना दिसलेलं काहीच कळत नाही. नोंद अशी लागते: सरांनी फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिलं आणि ते मोठ्यानं वाचायला सांगितलं, मुलानं शेजाऱ्याची कंपासपेटी ओढून खाली पाडली, सरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. अशा आठ-दहा नोंदी जमल्या की चित्र दिसू लागतं. बेरीज-वजाबाकीच्या दिवशी हा मुलगा शांत असतो. उदाहरण वाचायची वेळ आली की काहीतरी पाडतो, कुणाला तरी ढकलतो. बाहेर काढलं की वाचन टळतं. ज्याला सर शिक्षा समजत होते, ती त्याची सुटका होती.

मग इलाजाची दिशाच बदलते. या मुलाला वळण लावण्याआधी त्याला वाचता येतं का, हे तपासायला हवं. कदाचित वाचनाचीच खास अडचण असेल, कदाचित दूरचं दिसत नसेल, कदाचित तिसरीत सुटलेलं जोडाक्षर अजून सुटलेलंच असेल. तोवर सरांशी एवढंच ठरवायचं, की त्याला अचानक उभं करून वाचायला लावू नये, आणि अडलं तर वही उलटी ठेवून मदत मागायची मुभा त्याला द्यावी.

त्याच वर्गातली एक मुलगी मध्येमध्ये बोलते. तिच्या नोंदींत तिसरा रकाना वेगळा निघतो: प्रत्येक वेळी वर्ग हसतो आणि बाई शिकवणं थांबवून तिच्याकडे बघतात. वागणं वरवर सारखंच, दोघांच्या डायरीत 'तासाला त्रास देतो', 'तासाला त्रास देते' असाच शेरा. पण एकाला काम टाळायचं आहे आणि दुसरीला कुणाचं तरी लक्ष हवं आहे. तिला वर्गाबाहेर काढून उपयोग नाही आणि त्याला फळ्याजवळ बोलावून उपयोग नाही. तिच्यासाठी समुपदेशक बहुधा रोजचं कार्ड सुरू करतो. सकाळी शाळेत आल्यावर दोन मिनिटं त्याला भेटायचं, दिवसभरातल्या प्रत्येक तासाला शिक्षकांकडून त्यावर एक खूण घ्यायची, सुटताना ते कार्ड दाखवून घरी न्यायचं. गैरवर्तन करून मिळवावं लागणारं लक्ष तिला हक्कानं, आधीच मिळू लागतं. इथे शिक्षकांचं सहकार्य नसेल तर समुपदेशक काहीही करू शकत नाही. त्याचं निम्मं काम मोठ्यांसोबतच असतं, आणि ते मुलांसोबतच्या कामापेक्षा अवघड असतं.

सगळा वर्गच हाताबाहेर गेला असेल तर काय करायचं, याचं एक उत्तर १९६९ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातून आलं. हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉन्डर्स आणि मॉन्ट्रोज वुल्फ यांनी चौथीच्या २४ मुलांवर केलेला एक प्रयोग तेव्हा प्रसिद्ध झाला. या वर्गातल्या सात मुलांना बाईंनी अनेकदा मुख्याध्यापकांकडे पाठवलं होतं. संशोधकांनी आधी मोजमाप घेतलं. गणिताच्या तासात, निरीक्षणाच्या ९६ टक्के कालखंडांत कुणी ना कुणी विनापरवानगी बोलत होतं, ८२ टक्के कालखंडांत कुणी ना कुणी जागा सोडून फिरत होतं. मग बाईंनी वर्गाचे दोन संघ केले आणि खेळाचे नियम सांगितले. नियम मोडला की त्या मुलाच्या संघाच्या नावापुढे फळ्यावर एक रेघ. ज्या संघाच्या रेघा कमी, तो जिंकला. दोन्ही संघांच्या रेघा पाचांच्या आत राहिल्या तर दोघंही जिंकले. बक्षीस शाळेच्या दिवसातलंच होतं: विजेत्याचा बिल्ला, जेवणाच्या रांगेत पहिला नंबर, दिवस संपताना थोडा मोकळा वेळ. गणिताच्या तासातलं बोलणं १९ टक्क्यांवर आलं, जागा सोडणं ९ टक्क्यांवर. खेळ थांबवला तेव्हा गोंगाट परतला, पुन्हा सुरू केला तेव्हा पुन्हा ओसरला.

या प्रयोगातल्या दोन मुलांनी खेळायला साफ नकार दिला होता. त्यांच्यामुळे अख्ख्या संघाला फटका बसू लागला, तेव्हा त्यांना संघातून काढून त्यांच्या रेघा वेगळ्या मोजल्या गेल्या. हा तपशील महत्त्वाचा आहे. सांघिक खेळात ज्याच्यामुळे संघ हरतो, त्याच्यावर बाकीची मुलं दात धरू शकतात. जो आधीच एकटा आहे, त्याला हा खेळ आणखी एकटा पाडेल. म्हणून 'वर्गाला शिस्त लावणारी युक्ती' म्हणून तो आंधळेपणानं उचलू नये. कुणाला कोणत्या संघात घालायचं, हे मुलं ओळखणाऱ्यानं ठरवावं.

पुढे बाल्टिमोरमध्ये शेपर्ड केलम यांच्या गटानं १९८५-८६ मध्ये पहिलीच्या वर्गांत हाच खेळ खेळवला आणि ती मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठलं. पहिलीत सर्वांत जास्त मारामाऱ्या करणारे जे मुलगे होते, त्यांच्यातल्या खेळ खेळलेल्यांमध्ये अमली पदार्थांच्या आहारी जाण्याचं प्रमाण न खेळलेल्यांपेक्षा बरंच कमी निघालं. पहिलीतला वर्ग नीट चालणं ही किती दूरवर पोहोचणारी गोष्ट आहे!

शिस्तीचे प्रश्न निदान मोठ्यांच्या नजरेला पडतात. मैत्रीचे प्रश्न मधल्या सुट्टीत घडतात आणि तिथेच मुरतात. कुणाच्या डब्याभोवती कोण बसलं, कुणाशी कट्टी आहे, कबड्डीच्या संघात कुणाला शेवटपर्यंत कुणी घेतलं नाही, हे वर्गशिक्षकांना क्वचितच दिसतं. पण मुलाचा दिवस चांगला गेला की वाईट, हे त्यावरच ठरतं.

हे अदृश्य जाळं कागदावर उतरवायची पद्धत जेकब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञानं १९३४ साली मांडली. शेजारी कोण बसलेलं तुला आवडेल, असं प्रत्येक मुलाला विचारायचं, मुलांसाठी वर्तुळं काढायची आणि निवडीचे बाण जोडायचे. काही वर्तुळांकडे डझनभर बाण धावतात, काही जोड्या एकमेकांनाच निवडतात, आणि काही वर्तुळांकडे एकही बाण येत नाही. आजही शाळांत हे केलं जातं. मात्र उत्तरं गुप्त ठेवणं ही पहिली अट. फळ्यावर किंवा पालक सभेत हा आराखडा दाखवणं म्हणजे मुलाच्या एकटेपणाची जाहीर वाच्यता करणं.

१९८२ मध्ये जॉन कॉय, केनेथ डॉज आणि हायडी कॉपोटेली यांनी या पद्धतीत एक मोलाची भर घातली. कोण आवडतं यासोबत त्यांनी कोण आवडत नाही हेही विचारलं. तेव्हा लक्षात आलं, की एकटी मुलं दोन प्रकारची असतात. काहींना मुलं ठरवून दूर ठेवतात. काही कुणाच्या लक्षातच नसतात, कुणाला आवडत नाहीत आणि नावडतही नाहीत. घरी दोघंही एकच वाक्य सांगतात: "माझ्याशी कुणी खेळत नाही." पुढच्याच वर्षी कॉय आणि जॅनिस कुपरस्मिट यांनी चौथीतल्या मुलग्यांचे छोटे गट केले. काही गटांत मुलं एकमेकांना पूर्वी ओळखत नव्हती. झिडकारली गेलेली मुलं तीन बैठकांच्या आत नव्या गटातही तशीच झिडकारली गेली. दुर्लक्षित मुलं मात्र अनोळखी गटात खुलली, बोलू लागली.

शाळा किंवा तुकडी बदलून द्या, अशी मागणी घेऊन येणाऱ्या पालकांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा. बुजऱ्या, नजरेआड झालेल्या मुलाला नवी तुकडी खरंच हात देऊ शकते. पण भांडण ज्याच्या वागण्यातून पुन्हा पुन्हा उभं राहतं, तो ते वागणं नव्या तुकडीतही घेऊन जाईल. त्याला मदत लागेल ती वेगळीच.

ती कोणती, याचा माग डॉज यांच्याच १९८०च्या एका प्रयोगातून लागतो. दुसरी, चौथी आणि सहावीतल्या मुलग्यांना चित्रकोडं जुळवायला दिलं. जुळलं तर बक्षीस. मध्येच कोडं शेजारच्या खोलीत नेलं गेलं आणि तिथून दुसऱ्या मुलाचा आवाज ऐकवला गेला. कधी त्या आवाजानं मुद्दाम कोडं मोडलं, कधी मदत करताना चुकून ते मोडलं, तर कधी का मोडलं हे कळायला मार्गच नव्हता. हेतू स्पष्ट असताना सगळी मुलं साधारण सारखीच वागली. हेतू संदिग्ध होता तेव्हा मारकुट्या मुलांनी ते मुद्दाम केलं असं धरून चालून प्रतिक्रिया दिली; इतरांनी चुकून झालं असेल असं मानलं.

ज्याला मधल्या सुट्टीत लागलेला प्रत्येक धक्का मुद्दाम मारलेलाच वाटतो, त्या मुलाला "मारामारी वाईट" हे शंभर वेळा सांगून काय होणार? त्याच्या मते तो स्वतःचा बचाव करतोय. समुपदेशकाच्या खोलीत अशा मुलासोबत चित्रं, छोट्या गोष्टी, अभिनय यांतून एकाच प्रश्नाचा सराव चालतो: याचं दुसरं काय कारण असू शकेल? रांगेत मागच्यानं ढकललं, तर त्याला त्याच्या मागच्यानं ढकललं असेल का? मैत्रिणीनं हाक ऐकली नाही, तर तिचं लक्ष दुसरीकडे असेल का? हा सराव सावकाश होतो, आठवडे लागतात. घरी दिवसरात्र मार आणि शिव्या असतील तर जास्तच लागतात, कारण तिथे धक्का खरोखरच मुद्दाम दिलेला असतो.

मैत्री करायची कशी, हे शिकवताही येतं. शेरी ओडेन आणि स्टीव्हन अॅशर यांनी १९७७ मध्ये तिसरी-चौथीतल्या एकट्या मुलांना अगदी साध्या गोष्टी शिकवल्या: खेळात लक्ष घालणं, पाळी देणं, बोलणं आणि ऐकणं, दुसऱ्याला बरं वाटेल असं काही बोलणं किंवा करणं. शिकवून झालं की लगेच वर्गातल्या मुलासोबत खेळायचं आणि मग काय जमलं यावर बोलायचं. वर्षभरानंतरही या मुलांचा वर्गातला स्वीकार वाढलेला होता. आपल्याकडे चाळीत, वाड्यात वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र खेळायची, लहानग्याला लिंबूटिंबू करून सामावून घ्यायची, तेव्हा यातलं बरंच काही नकळत शिकून व्हायचं. शाळा, क्लास आणि मोबाइल यांत दिवस वाटून गेलेल्या मुलांना ते आता कुणीतरी जाणीवपूर्वक शिकवावं लागतं.

छळाचा विषय याहून वेगळा, आणि इथे चांगल्या हेतूनं फार चुका होतात. नॉर्वेत १९८२ मध्ये उत्तर भागातल्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांकडून झालेला छळ हे त्यामागचं कारण मानलं गेलं आणि सारा देश हादरला. दुसऱ्या वर्षी सरकारनं देशभर मोहीम काढली. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी बर्गनमधल्या ४२ शाळांतल्या सुमारे अडीच हजार मुलांची पाहणी केली. मोहीम सुरू झाल्यावर दोन वर्षांत तिथल्या छळाच्या तक्रारी जवळपास निम्म्यावर आल्या. छळ ओळखायच्या त्यांच्या तीन खुणा आजही जगभर वापरतात: तो पुन्हा पुन्हा होतो, दुखवण्याच्या हेतूनं होतो आणि दोन बाजूंचं बळ सारखं नसतं.

तिसरी खूण विसरली की घात होतो. दोघं बरोबरीचे असतील आणि भांडले असतील, तर समोरासमोर बसवून दोघांचं ऐकून समेट घडवणं योग्यच. पण चौघांनी मिळून एकाला महिनोन्महिने जातीवरून, रंगावरून, लठ्ठपणावरून चिडवलं असेल, तर "हात मिळवा, झालं गेलं विसरा" असं सांगणं म्हणजे त्या एकट्याला चौघांच्या तावडीत परत देणं. अनुभवी समुपदेशक अशा वेळी सगळ्यांना वेगवेगळं भेटतो, आणि दुखावलेल्या मुलाला सर्वांत आधी.

टोरांटोच्या शाळांत डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग यांच्या गटानं मैदानावरचं चित्रीकरण करून छळाचे प्रसंग तपासले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार बहुतेक प्रसंगी भोवती इतर मुलं उभी होती. त्यातलं एखादंच मध्ये पडत होतं. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के वेळा, छळ दहा सेकंदांत थांबला. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 'किवा' हा कार्यक्रम याच बघ्यांच्या आधारावर उभारला. त्यात शाळेचा गट छळणाऱ्यांशी बोलतोच, पण वर्गातल्या दोन-चार समंजस, मुलांत मान असलेल्या विद्यार्थ्यांनाही बोलावून विचारतो: या मुलीला आधार देण्यासाठी तुम्ही काय कराल? डब्याला शेजारी बसणं एवढंही पुरतं. एकाकी मुलाला समुपदेशकाच्या सहानुभूतीपेक्षा वर्गातला एक सोबती जास्त बळ देतो.

हे सगळं श्रीमंत देशांचं, आपल्या शाळांना कुठे परवडणार, असं वाटत असेल तर बिहारकडे पाहावं. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेनं नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग केला. सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. ७४ शाळांचे तीन गट होते. एका गटात मानसशास्त्राची तज्ज्ञ नसलेली, पण याच कामासाठी नेमलेली आणि प्रशिक्षण दिलेली व्यक्ती होती. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवलं होतं. तिसऱ्या गटात नेहमीच्या किशोरवयीन शिक्षणापलीकडे काही नव्हतं. कामाचं स्वरूप साधं होतं: परिपाठात विषय मांडणं, भित्तिपत्रक, मुलांनी नाव न घालता चिठ्ठी टाकावी अशी पेटी, विद्यार्थ्यांचे गट, आणि गरज असेल त्याच्याशी एकट्यानं बोलणं.

आठ महिन्यांनी नववीच्या मुलांना विचारलं गेलं. स्वतंत्र समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण लक्षणीय सुधारलं होतं. शिक्षक-विद्यार्थी नातं, सोबत्यांशी नातं, शाळेबद्दल आपलेपणा. छळ कमी झाला होता, मारहाण कमी झाली होती, उदासीनतेची लक्षणंही कमी झाली होती. शिक्षकाकडे काम सोपवलेल्या शाळांत मात्र तिसऱ्या गटातल्या शाळांपेक्षा फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षाअखेरच्या निष्कर्षांत ही दरी आणखी रुंदावली.

यात शिक्षकांना दोष देण्यासारखं काही नाही. ज्याच्याकडे पोर्शन संपवणं, पेपर तपासणं, पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामं आहेत, त्याच्याकडे मुलाजवळ बसायला वेळ येणार कुठून? शिवाय जो सकाळी रागावतो आणि शेवटी मार्क देतो, त्याच्यापाशी मन मोकळं करायला मूल कचरतं. समुपदेशकाचं पद वेगळं का असावं, याचं याहून ठोस उत्तर आपल्या देशातून दुसरं मिळालेलं नाही.

या वेगळेपणातच गुप्ततेचा शब्दही येतो. मुलानं सांगितलेलं समुपदेशक शिक्षकखोलीत बोलत नाही. मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल तर तो गप्प राहू शकत नाही, आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चांगला समुपदेशक ही मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत सांगून टाकतो.

आपल्याकडे समुपदेशन हे फार काळ 'दहावीनंतर काय' या प्रश्नाशीच जोडलेलं राहिलं. १९५२-५३च्या मुदलियार आयोगानं आणि १९६४-६६च्या कोठारी आयोगानं शाळांत मार्गदर्शनाची शिफारस केली होती. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणीही झाली. वर्गातलं वागणं, मैत्री, एकटेपण या गोष्टी त्या चौकटीबाहेरच राहिल्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. छडी गेली, तिच्या जागी काय करायचं हे शिकवणारा माणूस मात्र बहुतेक शाळांत आलाच नाही. अनेक ठिकाणी "थांब, तुला समुपदेशक मॅडमकडे पाठवते" हीच नवी छडी झाली आहे, आणि त्या खोलीत जाणाऱ्या मुलाकडे बाकीची मुलं संशयानं बघतात.

अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक हवा असं म्हणते. तिथेही सरासरी तेवढी खाली आलेली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. शाळा, महाविद्यालयं आणि खासगी क्लास या सर्वांना हे लागू आहे.

तेव्हा पुढच्या पालक सभेत मार्कांची चौकशी झाल्यावर मुख्याध्यापकांना आणखी तीन प्रश्न जरूर विचारा. शाळेत समुपदेशक आहे का? आठवड्यातले किती दिवस येतो? आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या गैरहजेरीत तास घ्यायला तर पाठवत नाही ना?